शिवप्पांची अकरा निवेदनं

शिवप्पांची जळकोटबद्दल तक्रार नव्हती. गाव चांगलं असेल, माणसं चांगली असतील, नळाला पाणीसुद्धा लातूरपेक्षा वेळेवर येत असेल. तक्रार एवढीच, की तिथं आपणच कशाला?

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी नांदेडच्या विभागीय कार्यालयाचं पत्र लातूरच्या कार्यालयात आलं. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत आणि वाचतातही. पत्रात लिहिलं होतं, की जळकोटला नवीन उपकार्यालय सुरू होत आहे, लातूरचा एक कर्मचारी तिकडं द्यायचा आहे, सबब सर्वांनी आपापलं निवेदन शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कार्यालयप्रमुखांकडं द्यावं. निवेदन टंकलिखित असावं, हस्तलिखित ग्राह्य धरलं जाणार नाही. आणि शेवटी एक ओळ: 'मुदतीत निवेदन प्राप्त न झाल्यास संबंधितांची हरकत नाही, असे गृहीत धरण्यात येईल.'

शिवप्पा हेडक्लार्क. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढं शिकून घेतलं होतं, की सरकारी पत्र विंचवासारखं असतं. डोकं बघायचं नाही, शेपूट बघायचं. त्यांनी ती शेवटची ओळ दोनदा वाचली आणि पत्र फायलीला लावलं.

रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. दोन्ही गुडघे एकमेकांशी बोलत नव्हते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिद्धेश्वराची सोमवारची फेरी. सव्वीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. सकाळी सहाला दर्शन, विभूती, बेल, मग ऑफिस. जळकोटला रोज एसटीनं जायचं तर सहाला स्टँडवर उभं राहावं लागणार. देव स्टँडवर येत नाही.

"आप्पा, टेन्शन कामून घेता?" पलीकडच्या टेबलावरून धम्मानंद म्हणाला. तो आवक-जावक बघायचा. "मी जातो की जळकोटला. माझी माय तिथनं चार कोसावर ऱ्हाते. तुमी निस्तं 'मी जात न्हाई' म्हणून लिहून द्या."

शिवप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. माणूस आपणहून बदली मागतोय? एकतीस वर्षांत असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. म्हणजे हा गाफील ठेवतोय. आपण बिनधास्त राहायचं, निवेदन उद्यावर ढकलायचं, आणि शुक्रवारी बारा वाजून एक मिनिटाला याची हरकत नोंदवलेली आणि आपली हरकत नाही असं गृहीत धरलेलं!

शिवप्पांच्या सदऱ्याच्या खिशात एक लहान डायरी असायची. तिच्यात कुणी काय केलं, किती वाजता केलं, याची नोंद व्हायची. त्यांनी लिहिलं: 'सोम. ३.२०. ध. स्वतःहून जातो म्हणतो. लक्ष ठेवणे.'

आता इथं प्रिंटरची हकिगत सांगितली पाहिजे. जुना प्रिंटर आषाढात वारला होता. नवा त्याच सोमवारी सकाळी खोक्यातून निघाला. कार्यालयाला प्रिंटर एकच. तो वायरीनं धम्मानंदच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून, नेटवर्कवरून, त्याच्यात कागद सोडायचे. म्हणजे साहेबांचं पत्र असो की शिपायाचा रजेचा अर्ज, सगळं धम्मानंदच्या कॉम्प्युटरातून जाणार. शिवप्पांना ही व्यवस्था मुळातच पटलेली नव्हती. आपल्या ताटातला घास दुसऱ्याच्या तोंडातून जाऊन मग आपल्या पोटात पडायचा, असला प्रकार.

पण नवं यंत्र आलं की पूजा आप्पांनी करायची, हा कार्यालयाचा रिवाज. शिवप्पांनी प्रिंटर पूर्वेकडं तोंड करून मांडला. पाठ भिंतीला घट्ट टेकवली. समोर विभूतीची तीन बोटं ओढली, उदबत्ती ओवाळली आणि माथ्यावर, मागच्या बाजूला, जिथं बोटभर फट होती, तिथं देवळातून आणलेलं बेलाचं पान ठेवलं. मग सगळ्यांना बजावलं, "आज पहिला दिवस हाय. आज राबवायचं न्हाई. आन् तोंड पूर्वेचं हलवायचं न्हाई."

"हाव आप्पा," सगळे म्हणाले. आप्पांच्या पूजेवर कुणी बोलत नसे, कारण पूजेनंतर पेढे असत.

मंगळवारी शिवप्पा दहा मिनिटं आधी आले. प्रिंटरवर विभूती होती, बेल नव्हता. टेबलाखाली पाहिलं, केरात पाहिलं. नाही. नोंद झाली: 'मंगळ. ९.५०. बेल गायब.'

मग त्यांनी निवेदन टाइप केलं. सरळ, नम्र, माणसाचं निवेदन: दोन वर्षांत सेवानिवृत्ती, गुडघे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे, तरी जळकोटला पाठवू नये. छापायचा हुकूम दिला आणि उठून प्रिंटरपाशी उभे राहिले. प्रिंटर घरघरला, थांबला आणि त्याच्या छातीवर लाल दिवा लागला.

"पेपर जाम," विशाखा तिच्या खुर्चीवरून म्हणाली. ती कॉम्प्युटर ऑपरेटर. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण यंत्राचा खोकला लांबून ओळखायची. "कागद अडकलाय आप्पा."

धम्मानंदनं पुढचं झाकण उघडलं, ट्रे काढला, शाईचा डबा काढून हलवला, आत टॉर्च मारला. कागद नव्हता. झाकण लावलं. लाल दिवा.

"मागचं झाकण बगावं लागंल," धम्मानंद म्हणाला. "जरा भिंतीपासून फिरवू का?"

"फिरवायचं न्हाई."

"आप्पा, दोन मिनिटं निस्तं..."

"तोंड पूर्वेला म्हंजे पूर्वेला!"

शिवप्पा जागेवर येऊन बसले. ह्याला मागच्या बाजूला काय काम आहे? तिथं काय लपवायचंय? त्यांनी पुन्हा छापायचा हुकूम दिला. मग पुन्हा. दाराची कडी एकदा वाजवून आतून कुणी आलं नाही, तर माणूस पुन्हा वाजवतो, त्यातलाच प्रकार. यंत्र काही बोललं नाही. शिवप्पांना वाटलं, ऐकलं नाही.

यंत्रानं ऐकलं होतं. नुसतं लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला, शिवकांताबाईंना, सगळं सांगितलं. बाई चटणी कुटत होत्या.

"मंग ऑफिसच्या गेटावर वैजनाथचं झेरॉक्सचं दुकान हाय की. तिथं छापून घ्या."

"वैजनाथ वाचतो."

"वाचू द्या की. तुमच्या गुडघ्याचं काय गुपित हाय? सगळ्या गल्लीला ठावं हाय."

शिवप्पांना हे लागलं. एक तर गुडघ्यांचा असा उल्लेख, तोही उखळापाशी. ते ओसरीवर गेले. शेजारचे ज्ञानोबा तिथं आधीच बसलेले होते. ज्ञानोबा वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. जगातल्या कुठल्याही बिघाडाला त्यांच्याकडं कारण तयार असे, आणि ते कारण एकच असे.

"नेटवर्क म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"वायर. सगळ्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेली."

"वायर हाय ना?" ज्ञानोबांनी मान हलवली. "मंग आकडा टाकला कुनीतरी. मी चौतीस वर्षं आकडे काढले शिवप्पा. लोडशेडिंग असो, मोटार जळो, लगनात लाईट जावो, मुळात जावा, आकडा. तुमचा कागद निघतो बराबर. पण मधीच कुनीतरी वडून घेऊन राह्यलं."

शिवप्पांनी खिशातली डायरी चाचपली. आपलं गुपित मधेच ओढून घेतलं जात आहे! आणि ओढणारा वाचत असणार!

बुधवारी निवेदन बदललं. तुम्ही म्हणाल, गुडघ्यांचं निवेदन चांगलं होतं, बदलायचं कशाला? पण संशय आलेला माणूस जुन्या कागदावर समाधान मानत नाही. नव्या निवेदनाचा विषय होता: 'श्री. धम्मानंद यांना जळकोट येथे पाठवणेबाबत.' आत लिहिलं, की सदर कर्मचाऱ्यांच्या मातोश्री जळकोटजवळ वास्तव्यास असून वाट पाहत आहेत, तरी मातृसेवेची संधी त्यांना देण्यात यावी. छापायचा हुकूम. लाल दिवा. दुपारी आणखी एक: 'श्री. धम्मानंद हे सामायिक प्रिंटरवर ताबा ठेवून इतरांच्या निवेदनास अडथळा आणतात.' हे त्यांनी रागात दोनदा छापायला दिलं. लाल दिवा.

तेवढ्यात धम्मानंद आपल्या पडद्याकडं बघून हसला. 'बुध. २.४०. ध. हसला.'

मग शिवप्पा आकडा शोधायला निघाले. टॉर्च घेतला, भिंतीच्या कडेकडेनं वायर धरली आणि गुडघ्यांवर रांगत टेबलांखालून सरकू लागले. विशाखाच्या टेबलाखाली वायरीला एक वेगळी, पिवळी वायर येऊन मिळत होती. सापडला! शिवप्पांनी ती हिसडून काढली.

आतल्या खोलीतून आवाज आला, "हॅलो? हॅलो नांदेड? ऐकू येतंय का?" आणि पाठोपाठ साहेब बाहेर आले. रविकिरण साहेब, वयानं तिशीतले, पदानं सगळ्यांच्या वर. त्यांची विभागीय कार्यालयाबरोबर कॉम्प्युटरवर बैठक चालली होती. आता नव्हती. साहेबांना टेबलाखालून फक्त हेडक्लार्कचे पाय दिसत होते.

"शिवप्पाजी?"

"पेन पडलं होतं साहेब," पाय म्हणाले.

विशाखानं तोंडावर ओढणी धरली. मोबाईलही हातात होता. शिवप्पांनी टेबलाखालूनच पाहिलं: ही मोबाईलमध्ये बघून हसते. एकटी कशी हसेल? पलीकडून कुणी तरी हसवत असणार. ते जागेवर आले, गुडघे झाडले आणि तिच्या नावचं निवेदन तयार झालं.

त्या संध्याकाळी धम्मानंद आणि विशाखा आपापला पेनड्राईव्ह घेऊन वैजनाथच्या दुकानात गेले. शिपाई नरसिंगानंही विशाखाकडून चार ओळी टाइप करून घेतल्या होत्या. पाच मिनिटांत तिघांची निवेदनं छापून साहेबांच्या टेबलावर गेली.

"आप्पा, द्या तुमचं बी. येता येता आणतो," धम्मानंद म्हणाला होता.

"माझं मी बघतो," शिवप्पा म्हणाले होते. आता हे तिघं मिळून बाहेर छापतात, म्हणजे घरचा प्रिंटर चालू नये असं कुणाला वाटतंय, ते सांगायला हवं का?

गुरुवारी नोंदींना ऊत आला. नरसिंग सकाळी प्रिंटर पुसत होता. बेल ठेवलेल्या जागी हात फिरवत होता. नरसिंगाकडं शेळी आहे, हे शिवप्पांना आठवलं. शेळ्यांना बेलाचा पाला आवडतो. झालं, निवेदन: 'शिपाई नरसिंग यांनी पूजेचा बेल शेळीकरिता नेल्याबाबत.' अडीचला साहेबांच्या खोलीवरून जाताना आतून घोरल्याचा आवाज आला, आणि हाच माणूस आपल्या निवेदनावर शेरा मारणार, या विचारानं त्यांनी डोळे मिटून टाइप केलं: 'कार्यालयप्रमुख यांच्या दुपारच्या विश्रांतीबाबत.' शेवटचं, पाच वाजता, ज्ञानोबांना स्मरून: 'अज्ञात इसमाने नेटवर्कवर आकडा टाकल्याबाबत.' घाईत तेही दोनदा. लाल दिवा, लाल दिवा, लाल दिवा.

शुक्रवारी साहेब नांदेडला निघणार होते. जीप बाराला. निवेदनांचं पाकीट तेच नेणार.

साडेदहाला शिवप्पांनी पाहिलं, साहेबांच्या टेबलावर तीन निवेदनं. अकराला तीन. सव्वाअकराला नरसिंगानं पाकिटाला लावायला गोंद आणला. शिवप्पांच्या डोळ्यांसमोर सिद्धेश्वराचा दरवाजा आला. सकाळी सहाचा. आणि आपण त्या वेळेला एसटीच्या खिडकीत.

वैजनाथकडं जावं? जाऊन काय सांगायचं, चार दिवस नको म्हणालो आणि आता शरण आलो? त्यापेक्षा...

ते उठून धम्मानंदच्या टेबलापाशी गेले. आवाज खाली केला. "धम्मानंद, ते... मागचं झाकण."

"फिरवू?"

"तोंड ईशान्येला गेलं तर चालंल," शिवप्पा म्हणाले. "पण पश्चिमेला न्हाई."

धम्मानंदनं प्रिंटर भिंतीपासून सरकवला, मागचं झाकण उघडलं, दोन बोटं आत घातली आणि काहीतरी हळूच ओढलं. सगळे जमले होते. त्यानं हात पुढं केला. तळहातावर बेलाचं पान होतं. तिन्ही दळं शाबूत, जरा वाळलेलं, कडेला काळी शाई लागलेलं.

"आप्पा, हे तुमचं."

शिवप्पांनी ते मुठीत घेतलं. चार दिवस यंत्र सांगत होतं की काहीतरी अडकलंय, आणि सगळे आत कागद शोधत होते. यंत्राला बेल माहीत नव्हता, म्हणून ते कागद म्हणालं, एवढीच त्याची चूक.

"फटीतनं आत सरकलं बगा," धम्मानंद म्हणाला. मग पडद्याकडं बघत, जरा चाचरत, "आप्पा... रांगेत तुमचे अकरा कागद उभे हायत. मंगळवारपासूनचे. मी काय उघडून बगितले न्हाईत, नावं दिसत्यात निस्ती. झाकण लावलं की सगळे सुटतील. पुसून टाकू का? तुमाला पायजे ते एकच ठेवू."

तुमच्या-आमच्यासारखा माणूस इथं 'हो' म्हणाला असता. पण शिवप्पांना आयुष्यात पहिल्यांदा संशयाचा नेमका क्षण सापडल्यासारखं वाटलं. हा पुसणार. आणि नेमकं खरं निवेदन पुसणार!

"हात लावायचा न्हाई!" ते गरजले. "माझ्या कागदाला कुनी हात लावायचा न्हाई! सगळे निघू द्या!"

"सगळे?"

"सगळे!"

धम्मानंदनं झाकण लावलं. हिरवा दिवा लागला.

आता नरसिंगाची पद्धत सांगतो. अठ्ठावीस वर्षं तो प्रिंटरमधून निघालेला प्रत्येक कागद उचलायचा, आतला मजकूर कधी वाचायचा नाही, फक्त 'विषय' या शब्दापुढं कुणाचं नाव दिसतं ते बघायचा आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. नाव नसेल तर तो कागद साहेबांचा. ह्या पद्धतीत अठ्ठावीस वर्षांत एक चूक झाली नव्हती. त्या दिवशीही झाली नाही.

पहिले तीन कागद साहेबांकडं गेले. गुडघे, गुडघे, गुडघे. चौथा धम्मानंदच्या टेबलावर. पाचवा, सहावा तिथंच. सातवा विशाखाच्या टेबलावर. तोवर शिवप्पांना उमगलं होतं, काय सुटतंय ते. ते प्रिंटरकडं धावले. धावले म्हणजे गुडघ्यांना जमेल तेवढे. पण नरसिंग अठ्ठावीस वर्षांच्या सरावानं पुढं होता. आठवा कागद त्यानं उचलला, विषय बघितला आणि जागीच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक कागद स्वतःकडंच पोचवायचा होता.

नववा साहेबांच्या टेबलावर गेला. दहावा, अकरावाही. अज्ञात इसमाला तिथं टेबल नव्हतं.

मग विशाखा वाचू लागली, "'सदर कर्मचारी मोबाईलमध्ये पाहून हसतात.' आप्पा, मंग मी काय रडत बसू?"

"आप्पा," नरसिंग म्हणाला, "शेळी इकून दोन वर्षं झाली. आन् शेळी असती तरी तिला काय कमी हाय का, तुमच्या देवाचं पान खायला?"

धम्मानंदनं आपले तिन्ही कागद वाचले, एकावर एक नीट ठेवले, घडी केली. शिवप्पांची नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळलेली. "ह्यातलं एक बरोबर हाय आप्पा," तो म्हणाला. "माय खरंच वाट बघून राह्यली." आणि कामाला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. डायरीत लिहिता आलं असतं.

साहेब दारात आले. हातात सहा कागद. वरचा नववा.

"शिवप्पाजी, पाकिटात प्रत्येकाचं एकच निवेदन बसतं. तुमची माझ्याकडं सहा आहेत. गुडघे, माझी झोप आणि आकडा. कुठलं घालू?"

शिवप्पांनी खाली बघितलं. बेलाचं पान अजून त्यांच्या मुठीत होतं.

"पहिलं, साहेब."

"नक्की ना? कारण झोपेचं जास्त चांगलं लिहिलंय." साहेबांनी गुडघे पाकिटात घातले, गोंद लावला आणि बाराला पाच कमी असताना जीप निघाली.

पुढच्या आठवड्यात आदेश आला. जळकोटला धम्मानंद. तो जे सोमवारी म्हणाला होता, ते आणि तेवढंच झालं. जाताना शिवप्पांच्या पाया पडला. शिवप्पांनी त्याच्या कपाळाला विभूती लावायला हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि खांद्यावर ठेवला. "माय कशी हाय, फोन करून सांग," एवढंच त्यांना म्हणता आलं. त्या दिवशी डायरीचं पान कोरं राहिलं.

धम्मानंदचा कॉम्प्युटर जळकोटला गेला, तेव्हा प्रिंटर कुणाला तरी जोडावा लागणार होता. साहेबांनी तो शिवप्पांना जोडायला सांगितला. का, ते साहेबांनाच ठाऊक. आता सगळ्या कार्यालयाचे कागद शिवप्पांच्या पडद्यावरून जातात, रांगेत उभे राहतात, नावं दिसतात.

गेल्या सोमवारी सिद्धेश्वराची फेरी करून शिवप्पा आले, तर पडद्यावर विशाखाच्या कॉम्प्युटरवरून आलेलं एक नाव उभं होतं: 'आप्पा_गुपचूप'. शिवप्पांचा हात माउसवर गेला. एकदा टिचकी मारली, तर उघडणार होतं. विशाखा समोर बसून मोबाईलमध्ये बघत होती, आणि हसत होती.

शिवप्पांनी हात काढून घेतला. लाल दिवा लागला होता. कागद संपले होते. ते उठले, नवे कागद घातले आणि वाट बघत उभे राहिले. कागद उपडा बाहेर पडला. कोरी बाजू वर. शिवप्पांनी तो तसाच उपडा उचलला, विशाखाच्या टेबलाकडं चार पावलं चालले, आणि मधल्या ट्यूबलाइटखाली क्षणभर थांबून, शाई बरोबर उमटली की नाही हे बघायला, उजेडाकडं धरला.